फायनान्ससाठी दोन कॉलेजांतून एक निवडताना: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

बारावी कॉमर्सचा निकाल लागला की आपल्याकडे बहुतेक घरांत शेवटी दोनच नावं उरतात. एक कोल्हापुरातलं किंवा आसपासचं कॉलेज, दुसरं पुण्या-मुंबईचं. दोन्हीकडे फायनान्स शिकवतात आणि दोन्हींची माहितीपत्रकं चकचकीत असतात. बाहेरच्या कॉलेजातून तर रोज फोन येतो, "सीट भरत आल्या, आजच टोकन भरा." मग टोकन भरलं जातं आणि अभ्यासक्रम, खर्च, नोकऱ्या यांची चौकशी त्यानंतर सुरू होते. तोवर पैसे अडकलेले असतात, त्यामुळे चौकशीत काही वाईट कळलं तरी ते कानाआड करावंसं वाटतं.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन बरेचसे घरबसल्या होतात. पुढच्यांना फोन, प्रवास आणि अनोळखी माणसांना प्रश्न विचारायची तयारी लागते.

## तयारी: कागद आधी, कॉलेज नंतर

अधिवास, उत्पन्न, जात, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, यांपैकी जे दाखले तुम्हाला लागू आहेत त्यांचे अर्ज निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच आपले सरकार केंद्रात द्या. जूनमध्ये तिथे रांगा असतात. जातवैधता प्रमाणपत्राला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, ते अकरावीतच सुरू केलेलं बरं.

दुसरी तयारी प्रवेश परीक्षेची. २०२४-२५ पासून बीबीए आणि बीएमएस हे व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाला मान्यता देणारी केंद्रीय परिषद) कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप, सुरू झाली. त्याच वेळी काही महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमाचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) अशा धर्तीचं केलं. त्यामुळे आत जवळपास तेच शिकवणारे दोन अभ्यासक्रम, पण एकाला सीईटी लागते आणि दुसऱ्याला नाही, असं होऊ शकतं. साध्या बी.कॉम.ला सीईटी नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षा असतात. आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आयपीमॅट द्यावी लागते.

तपासणी: दोन्ही कॉलेजांसाठी एका कागदावर लिहा: पदवीचं प्रमाणपत्रावर छापून येणारं पूर्ण नाव, पदवी देणारं विद्यापीठ, प्रवेशाचा मार्ग, आणि एआयसीटीई मान्यता लागते का व आहे का. यातली एक जरी जागा रिकामी राहिली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: कोणतं काम करायचं ते ठरवा

"फायनान्समध्ये जायचंय" एवढ्यावर कॉलेज निवडता येत नाही. या एका शब्दाखाली निदान चार वेगळी कामं आहेत आणि चौघांना लागणारं कॉलेज वेगळं आहे.

सीए, सीएमए (कॉस्ट अकाउंटंट). इथे पात्रता देणारी परीक्षा संस्थेची (सीएसाठी आयसीएआयची) असते, कॉलेजची नाही. सीए फाउंडेशन, म्हणजे पहिली पातळी, बारावीनंतर लगेच देता येते. नव्या योजनेनुसार इंटरमीजिएटचे, म्हणजे दुसऱ्या पातळीचे, दोन्ही ग्रुप पास झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीए फर्ममधलं प्रशिक्षण) असते. या वाटेवर कॉलेजकडून हवा असतो तो वेळ.

बाजार आणि विश्लेषण. शेअर संशोधन, गुंतवणूक, मूल्यांकन. इथे सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) किंवा चांगल्या संस्थेतलं एमबीए पुढे येतंच. कॉलेजकडून हवं असतं ते संख्याशास्त्र, ताळेबंद वाचायची सवय, इंटर्नशिप आणि बरोबरची मुलं.

मोठ्या बँकांची ऑपरेशन्स केंद्रं. पुण्यात बार्कलेज, डॉइशे बँक, यूबीएस, बीएनवाय यांसारख्यांची मोठी केंद्रं आहेत. फंड अकाउंटिंग, केवायसी, व्यवहारांची जुळवणी अशी कामं तिथे पदवीधरांना मिळतात. इथे कॅम्पसवर कोण येतं याला खरंच महत्त्व आहे.

सरकारी आणि सहकारी बँका. आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणारी संस्था) पीओ, म्हणजे अधिकारीपदाच्या, परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, वय २० ते ३०. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी ला खुल्या गटात पदवीला ६० टक्के लागतात. इथे कॉलेजच्या नावाचा काहीही उपयोग नाही. चांगले गुण आणि तयारीला मोकळा वेळ एवढंच लागतं.

पाचवी वाट आपल्याकडे कुणी मोजत नाही, पण ती आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, साखर कारखाने, दूध संघ, नागरी बँका, पतसंस्था. या सगळ्यांना खेळतं भांडवल, कॉस्टिंग, जीएसटी आणि बँकेचं कर्ज-प्रकरण समजणारी माणसं लागतात. पगार मुंबईचा नसतो. पण पंचविशीतल्या पोराला थेट मालकाशेजारी बसून निर्णय बघायला मिळतात, ते मोठ्या कंपनीत दहा वर्षांत मिळत नाही.

अठराव्या वर्षी नक्की सांगता येत नाही, हे खरं. तरी पहिली आणि दुसरी पसंती लिहा. लिहिता येत नसेल तर आठवडाभर थांबा आणि राजारामपुरी, शाहूपुरीतल्या एखाद्या सीए ऑफिसात आणि ओळखीच्या बँकेत दोन-दोन तास बसून काम बघा. हे सहज जमतं, फक्त कुणी विचारत नाही.

इशारा: "बीबीए करतो आणि सोबत सीएपण करतो" हा निर्णय नाही. तो दोन निर्णय पुढे ढकलण्याचा प्रकार आहे. कारण टप्पा ३ मध्ये येईल.

## टप्पा २: गणित तपासा

हा टप्पा छोटा आहे, पण इथे वाटा बंद होतात. आपल्याकडे कॉमर्सला बऱ्याच मुलांनी गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलेलं असतं. काही बी.एस्सी. फायनान्स, अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांना बारावीला गणित लागतं. दोन्ही कॉलेजांची पात्रता या नजरेने पुन्हा वाचा. एसपी घेतलेलं असेल आणि विश्लेषणाकडे जायचं असेल तर पदवीत संख्याशास्त्राचे किती पेपर आहेत हे तुमच्यासाठी इतरांपेक्षा दुप्पट महत्त्वाचं आहे.

## टप्पा ३: अभ्यासक्रम आणि वेळापत्रक शेजारी ठेवून वाचा

माहितीपत्रकातला अभ्यासक्रम वाचू नका. विद्यापीठाने किंवा स्वायत्त कॉलेजने प्रसिद्ध केलेला, सत्रवार विषयांचा पूर्ण आराखडा उतरवून घ्या. मग रंगीत पेन घेऊन तीन प्रकारच्या विषयांवर खुणा करा: हिशेब आणि कॉस्टिंग, संख्याशास्त्र आणि गणित, खास फायनान्सचे विषय. उरलेले बहुधा मार्केटिंग, एचआर, संवादकौशल्य असे निघतील. ते वाईट नाहीत. पण "बीबीए फायनान्स" असं नाव आणि सगळ्या सत्रांत मिळून फायनान्सचे चारच पेपर, असंही आढळतं. नुसत्या बी.कॉम.मध्ये कित्येकदा हिशेबाचा पाया याहून पक्का असतो. नाव आकर्षक आहे म्हणून बीबीए बी.कॉम.पेक्षा वरचं, ही समजूत मुळापासून काढून टाका.

दुसरा प्रश्न स्पेशलायझेशनचा. ते कितव्या वर्षी सुरू होतं? आणि किती मुलं असली तरच तो वर्ग चालतो? छोट्या कॉलेजांत मुलं कमी पडली की फायनान्सचा वर्ग मार्केटिंगमध्ये मिसळतात. गेल्या दोन वर्षांत तो वर्ग खरोखर चालला का, एवढंच विचारा आणि उत्तर तृतीय वर्षाच्या मुलाकडून घ्या, कार्यालयाकडून नको.

आता वेळापत्रक. सीएच्या वाटेवर जाणाऱ्यांनी सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा. आर्टिकलशिप हे ऑफिसच्या वेळेतलं पूर्णवेळ प्रशिक्षण आहे. त्या काळात पदवी चालू ठेवायची तर आयसीएआयची परवानगी घ्यावी लागते आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेला आडवी येऊन चालत नाही. आपल्याकडे बरेच वाणिज्य वर्ग सकाळी भरतात, ते या मुलांच्या पथ्यावर पडतं. बीबीए मात्र बहुतेक ठिकाणी दिवसभराचं असतं. हजेरी, सादरीकरणं, प्रकल्प, गटकाम. त्यात ७५ टक्के हजेरी काटेकोर असेल तर इंटरमीजिएटच्या अभ्यासाला वेळ कुठून काढणार? मग दोन्हीकडे जेमतेम गुण पडतात.

माझं स्पष्ट मत असं: सीए पक्कं असेल तर इथलं सकाळचं बी.कॉम. घ्या, फी वाचवा आणि आर्टिकलशिपला मात्र जमलं तर पुण्या-मुंबईला जा. फर्म मोठी असण्याचा फायदा कॉलेज मोठं असण्यापेक्षा या वाटेवर कितीतरी जास्त आहे. फाउंडेशन आणि इंटरमीजिएटसाठी कोल्हापुरात आयसीएआयची शाखा आहेच, तिथे जाऊन ग्रंथालय आणि वर्गांची चौकशी करा.

चार वर्षांचा प्रश्नही इथेच सोडवा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स मिळते. भारतात एमबीएला आणि कॅट परीक्षेला तीन वर्षांची पदवी पुरते. परदेशात मास्टर्स करायचं असेल तर चौथं वर्ष कामी येतं, कारण बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. कॉलेज चार वर्षांची फी गृहीत धरून बोलतंय का तीन, ते विचारून घ्या.

तपासणी: या घडीला चालू असलेलं खरं वेळापत्रक मोबाईलवर फोटो काढून मिळालं का? "वेळापत्रक अजून तयार व्हायचंय" असं उत्तर आलं तर गेल्या वर्षीचं मागा. तेही मिळत नसेल तर नोंद करून ठेवा.

## टप्पा ४: प्लेसमेंटचे आकडे सोलून बघा

सगळ्यांत जास्त फसगत इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

कॉलेज सांगतं, "सर्वोच्च पॅकेज इतकं, ९५ टक्के प्लेसमेंट." यावर पाच प्रश्न विचारायचे.

पहिला, हा आकडा बीबीएचा की एमबीएचा? एकाच संस्थेत दोन्ही असतील तर मोठ्या कंपन्या एमबीएसाठी येतात आणि भिंतीवरची बोधचिन्हं सगळ्यांची म्हणून दाखवली जातात. फक्त पदवीच्या शेवटच्या वर्षाची यादी वेगळी मागा.

दुसरा, ९५ टक्के कशाचे? १८० मुलांच्या वर्गातल्या ४० जणांनीच नाव नोंदवलं आणि ३८ जणांना नोकरी लागली, तरी ते ९५ टक्केच होतात. एकूण पदवीधर किती, नोंदणी किती, नोकरी किती आणि पुढे शिकायला गेले किती, हे चार आकडे सुटे सुटे घ्या.

तिसरा, मध्यक किती? सरासरी एका मोठ्या पॅकेजने वर जाते. सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध कोणता येतो, तो तुमच्या मुलाला मिळू शकणाऱ्या पगाराच्या जास्त जवळचा.

चौथा, हातात किती? पॅकेजमध्ये भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवरचा बोनस, कधी विम्याचा हप्तासुद्धा धरलेला असतो.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा, कामाचं नाव काय? "बँकेत प्लेसमेंट" म्हणजे बऱ्याचदा खाती उघडणं, विमा आणि क्रेडिट कार्ड विकणं. रिलेशनशिप ऑफिसर, सेल्स ऑफिसर, महिन्याचं टार्गेट. ते काम हलकं नाही, त्यात पुढे गेलेली माणसं आहेत. पण ते विक्रीचं काम आहे आणि ज्याला विश्लेषक व्हायचंय त्याने ते फायनान्स समजून घेऊ नये.

कॉलेजने उत्तरं दिली तरी पडताळणी स्वतः करा. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाका आणि दोन ते चार वर्षांपूर्वी तिथून त्याच अभ्यासक्रमातून बाहेर पडलेली निदान पंचवीस-तीस माणसं शोधा. ओळीने जशी येतील तशी घ्या, चमकदार नोकरीवाली वेचू नका. वहीत तीन रकाने: पहिली नोकरी, सध्याची नोकरी, मध्ये काही शिक्षण केलं का. हे दोन्ही कॉलेजांसाठी केलं की एक संध्याकाळ जाते, आणि माहितीपत्रकातून कधीच न दिसणारं चित्र समोर येतं. कित्येकदा असं दिसतं की चांगल्या जागी पोचलेल्यांनी मध्ये सीए, सीएफए किंवा एमबीए केलेलं आहे आणि कॉलेज हा त्यातला छोटा भाग आहे. लिंक्डइनवर यशस्वी माणसं जास्त दिसतात हे लक्षात ठेवा. म्हणजे खरं चित्र त्याहून थोडं खालीच असणार.

यातल्या चार-पाच जणांना नम्रपणे संदेश पाठवा. "तिथे परत प्रवेश घ्याल का?" असं विचारू नका, त्यावर सगळेच मोघम बोलतात. विचारा, "इंटर्नशिप कॉलेजने दिली की तुम्ही शोधली?", "तुमच्या वर्गातल्या किती जणांना फायनान्सचं काम मिळालं?", "कोणत्या विषयाला शिक्षक नव्हते?" आपल्याकडच्या मुलांना उत्तर देणारे भेटतात. कोल्हापूर, गडहिंग्लज, कागल असं गावाचं नाव संदेशात लिहिलंत तर हमखास.

इशारा: "शंभर टक्के प्लेसमेंट हमी" आणि "प्लेसमेंट साहाय्य" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हमी म्हणत असतील तर कामाचं स्वरूप आणि किमान पगार लेखी मागा.

## टप्पा ५: पूर्ण खर्च आणि कर्जाचा हप्ता काढा

फी म्हणजे खर्च नव्हे. उदाहरणादाखल आकडे घेऊ, तुमचे आकडे तुम्ही घाला. इथल्या कॉलेजची फी वर्षाला ४० हजार, येणं-जाणं, पुस्तकं, क्लास मिळून आणखी ३० हजार. तीन वर्षांचे २ लाख १० हजार. पुण्याच्या कॉलेजची फी ३ लाख, खोली, मेस, प्रवास, लॅपटॉप, किरकोळ मिळून वर्षाला १ लाख ६० हजार. तीन वर्षांचे १३ लाख ८० हजार. फरक ११ लाख ७० हजारांचा.

आता यातले १० लाख कर्ज काढलं, व्याज १० टक्के, रक्कम तीन वर्षांत समान हप्त्यांनी उचलली. परतफेड कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, तोवर सरळ व्याज धरलं तरी सुमारे ३ लाख साठतात. मग १३ लाखांची फेड सात वर्षांत करायची तर महिन्याचा हप्ता सुमारे २१ हजार ६०० रुपये येतो. टप्पा ४ मध्ये काढलेला मध्यक पगार, हातात पडणारा, याच्या शेजारी ठेवा. पुण्यात खोलीचं भाडं देऊन हा हप्ता जातो का? जात नसेल तर तो वडिलांच्या पगारातून किंवा उसाच्या बिलातून जाणार आहे, हे आजच घरात मोकळेपणाने बोला.

शिवाय ज्याला पुढे एमबीए करायचंय त्याला खरा खर्च तिथे येणार आहे. पदवीतच सगळं कर्ज वापरलं तर दोन वर्षांनी चांगल्या संस्थेत प्रवेश मिळूनही हात बांधलेले राहतात. म्हणूनच एमबीएचा विचार पक्का असणाऱ्यांना मी पदवी स्वस्तात करायला सांगतो.

सवलती मात्र नीट बघा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची निम्मी प्रतिपूर्ती मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ती पूर्ण झाली. पण अट आहे: प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ धरू नका. म्हणजे तीच मुलगी, तेच गुण, पण प्रवेशाचा मार्ग बदलला की लाखोंचा फरक. शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर तुमचं कॉलेज आणि तुमचा अभ्यासक्रम यादीत दिसतो का, हे स्वतः उघडून बघा.

कर्जासाठी साडेसात लाखांपर्यंत सरकारी पतहमी योजनेत तारण न घेता कर्ज देण्याची सोय आहे, पालक सहकर्जदार असतात. पीएम विद्यालक्ष्मी योजना ठरावीक मानांकित संस्थांनाच लागू आहे, तेव्हा कॉलेज "विद्यालक्ष्मीतून होईल" म्हणालं तर संस्थेचं नाव त्या यादीत शोधा.

इशारा: पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. देणगी मागून प्रवेश देणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. "विकास निधी", "इमारत निधी" अशी नावं दिली तरी लेखी फी-पत्रकात नसलेली रक्कम ती देणगीच.

## टप्पा ६: प्रत्यक्ष जाऊन बघा

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी मुंबई, पुणे तर त्याहून जवळ. तीन वर्षांचा निर्णय आहे, एक फेरी करा. सुट्टीच्या दिवशी किंवा त्यांच्या "ओपन हाउस"ला जाऊ नका. चालू वर्ग असलेल्या साध्या दिवशी जा.

कॅन्टीनमध्ये बसा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. फायनान्सच्या शिक्षकांपैकी पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावर किती ते विचारा. वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलतात का हेही. बाजाराच्या माहितीचे महागडे टर्मिनल दाखवत असतील तर विचारा, पदवीच्या मुलांना लॉगिन मिळतं का आणि आठवड्यातून किती वेळ. संगणक कक्षात एक्सेल शिकवतात ते पेपरपुरतं की कंपनीचा ताळेबंद मांडून? एखाद्या मुलाला त्याने केलेला प्रकल्प दाखवायला सांगा. नेटवरून उतरवलेला अहवाल आहे की त्याने स्वतः आकडे जुळवलेत, हे दोन पानांत कळतं.

वसतिगृह आतून बघा, फोटोतून नको. मुलींसाठी संध्याकाळची वेळ, वॉर्डन राहते का आणि कॉलेजपर्यंतचा रस्ता.

इथल्या कॉलेजलाही हीच वागणूक द्या. दसरा चौकातून रोज जाता-येता दिसतं म्हणून ते माहितीचं झालं असं नाही. ओळखीचे सर आहेत म्हणून वर्ग न बघता प्रवेश घेणारे खूप आहेत. बाहेरच्या कॉलेजला विचारलेला प्रत्येक प्रश्न इथेही विचारा, आणि विशेषतः इंटर्नशिपचा. जवळच्या कॉलेजांत ती कित्येकदा कागदावर होते, कुणाच्या तरी दुकानाचं पत्र आणून. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपला श्रेयांक (क्रेडिट) आहेत, मग तो वेळ खऱ्या फर्ममध्ये जाणार की पत्रावर, हे तुमच्या हातात आहे.

## टप्पा ७: निर्णय लिहून काढा, मगच पसंतीक्रम भरा

आता टप्पा १ मधली पहिली पसंती पुन्हा काढा आणि दोन्ही कॉलेजं तिच्याच मापाने मोजा. सगळ्या मुद्द्यांना सारखे गुण देऊन बेरीज करू नका. सीएवाल्याला वेळापत्रक आणि खर्च यांपुढे बाकीचं गौण आहे. ऑपरेशन्स केंद्रांकडे जाणाऱ्याला कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या आणि इंग्रजी बोलायचा सराव. बँक परीक्षेवाल्याला वेळ. विश्लेषणाकडे जाणाऱ्याला विषय, इंटर्नशिप आणि सोबती, आणि या एका वाटेसाठी बाहेर जाणं बहुतेकदा योग्य ठरतं, जर टप्पा ४ ची वही तसं सांगत असेल तर. सीएफएच्या पहिल्या पातळीला पदवी पूर्ण व्हायला २३ महिने किंवा त्याहून कमी राहिले की नोंदणी करता येते आणि पासपोर्ट लागतो, तेव्हा या मुलांनी पासपोर्ट पहिल्या वर्षीच काढून ठेवावा.

काहीच ठरत नसेल तर हिशेब पक्का शिकवणारं, स्वस्त, वेळ देणारं कॉलेज घ्या. त्यातून कोणतीच वाट बंद होत नाही.

निर्णय पाच ओळींत लिहा. कारणं वाचून घरातल्या दुसऱ्या माणसाला पटत नसतील तर कुठला तरी टप्पा अर्धवट राहिलाय.

कॅपचा पसंतीक्रम मिळेल त्याच्या अंदाजाने भरू नका, हवं त्याच्या क्रमाने भरा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप गोठवली जाते आणि पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. "बघू मिळतंय का" म्हणून वर टाकलेलं नाव महागात पडतं. त्या वर्षीचे नियम सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत वाचा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका.

## दोन्हीकडे पैसे भरले असतील तर

बाहेरची जागा धरून ठेवली आणि मग इथलं ठरलं, असं होतंच. अशा वेळी दिवस मोजा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या सूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत मिळते, फक्त प्रक्रिया शुल्क कापता येतं. १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, तिथून ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. यूजीसी काही वर्षी यापेक्षा सवलतीच्या तारखा जाहीर करते, त्या वर्षीचं परिपत्रक बघा. कॅपमधली जागा सीईटी कक्षाच्या नियमाने आणि ऑनलाइनच रद्द होते. कॉलेजात तोंडी सांगून ती रद्द होत नाही.

अर्ज ईमेलने करा आणि छापील प्रतीवर आवक क्रमांक घ्या. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. पडताळणी झाली की ती तिथल्या तिथे परत मागा आणि कार्यालयात फक्त साक्षांकित प्रती ठेवा.